कॉमिक्सचा चाहता, मालिकेचा चाहता आणि पुढाऱ्याचा चाहता

पांझराकाठ:
बरेच दिवस मनात घोळणारा विषय मांडते. मोठा आहे, सांभाळून घ्या.

मी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेली. वडील भुसावळला रेल्वेत होते, त्यामुळे स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून वेताळ (म्हणजे फँटम), जादूगार मँड्रेक आणि बहादूर आमच्या क्वार्टरमध्ये यायचे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: इंद्रजाल १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. सुरुवातीपासून त्यात वेताळ होता. आम्ही भावंडं अंकावर अक्षरशः तुटून पडायचो. वेताळाच्या उजव्या हातात कवटीची अंगठी, तिचा ठसा गुंडाच्या जबड्यावर कायमचा उमटतो. डाव्या हातातल्या अंगठीचं चिन्ह वेगळं, ते ज्याला मिळालं त्याला वेताळाचं संरक्षण. एखाद्या चौकटीत ठोसा डाव्या हाताने मारलेला आणि कवटी मात्र उमटलेली दिसली की घरात आरडाओरडा व्हायचा. माझा भाऊ पेन्सिलीने त्या चौकटीवर फुली मारून ठेवायचा. ते अंक अजून आहेत, फुल्यांसकट.

म्हणजे ज्याच्यावर जीव, त्याचीच चूक आम्हाला सगळ्यांच्या आधी दिसायची, आणि ती दाखवली म्हणून कोणी म्हणत नसे की तू खरी चाहती नाहीस. उलट ज्याला चुका सापडतात तो पक्का वाचक, असाच मान होता.

आता पुढाऱ्यांचे चाहते बघा. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका नेत्याच्या रस्त्याच्या घोषणेबद्दल मी एवढंच विचारलं की हाच रस्ता मागच्या वेळीही मंजूर झाला होता ना? तेवढ्यावरून दोन दिवस मला 'तुम्ही कोणाच्या?' हा प्रश्न पुरला. पक्ष सांगत नाही, कारण सगळ्याच पक्षांच्या ग्रुपवर हेच चालतं.

माझं म्हणणं असं: पुढाऱ्यांचं चाहतं व्हायला माझी हरकत नाही, पण व्हायचं तर कॉमिक्सच्या वाचकासारखं व्हावं. मागचे सगळे अंक लक्षात ठेवून. तुम्ही कशाचे चाहते आहात, आणि मत द्यायला जाताना तुमच्यातला तो चाहता कुठे असतो?

शेवभाजी:
माले तं राज कॉमिक्सना डोगाच आवडस. राजकारणनं तुम्ही बोला, मी वाचस.

भुसावळ_जंक्शन:
ताई, तुमच्या क्वार्टरनंतरच्या पिढीचा मी. आमच्या काळात त्याच स्टॉलवर राज कॉमिक्सचा ढीग असायचा. नागराज १९८६ चा, सुपर कमांडो ध्रुव १९८७ चा. रेल्वे कॉलनीत निम्मी मुलं हिंदी बोलणारी, त्यामुळे हिंदी कॉमिक्स वाचायला अडचण कधीच आली नाही. चौकातल्या लायब्ररीत दिवसाच्या भाड्याने मिळायची, आणि पान दुमडलं तर लायब्ररीवाले काका पुढचा अंक द्यायचे नाहीत.

चुका काढण्याबद्दल शंभर टक्के सहमत. नागराजचे सुरुवातीचे अंक प्रताप मुळीक यांनी काढलेले. हे अमर चित्र कथेचेही चित्रकार. त्यांचा नागराज भरदार, शांत चेहऱ्याचा. पुढे तो अनुपम सिन्हांकडे गेला आणि त्याच्या अंगावरची रेषा न् रेषा बदलली. यावरून आमच्यात अबोले झालेत. अंकात संजय गुप्तांचं 'ग्रीन पेज' असायचं, त्यावर वाचकांशी बोलणं चालायचं. आम्ही तक्रारीची पत्रं लिहायचो. छापून येवो न येवो, लिहायचा हक्क आहे हे बाराव्या वर्षी पक्कं कळलं होतं. नगरपालिकेला पहिला अर्ज लिहिला तेव्हा मायना कसा लिहायचा हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.

खापरपोळी:
ग्रीन पेजवाल्या मुद्द्याला +१.

दादर_भाकरी:
धागा उत्तम, पण वेताळाच्या बाबतीत मी वेगळं बोलणार आहे. पांझराताई, तुम्ही अंगठीचा हात तपासलात, छान केलंत. पण मोठ्या गोष्टी तपासल्या गेल्या का?

एक, वेताळ म्हणजे घराणेशाही. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून समुद्रकाठी लागलेल्या माणसाने शपथ घेतली आणि तेव्हापासून बापानंतर पोरगा तोच मुखवटा घालतो. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना वाटतं की हा एकच माणूस आहे आणि तो मरत नाही. सत्ता बापाकडून पोराकडे जाते आणि रयतेला बदल झाल्याचं कळतसुद्धा नाही! यावर आपल्याला कधी प्रश्न पडला?

दोन, जंगल आफ्रिकेतलं, माणसं तिथली, आणि त्यांचं भलं-बुरं ठरवणारा गोरा. ली फॉक यांनी १९३६ मध्ये ही चित्रमालिका सुरू केली तेव्हाचं जग तसं होतं, मान्य. मँड्रेकच्या सोबत्याचं, लोथारचं बघा. सुरुवातीला अंगावर बिबळ्याचं कातडं, तोडकंमोडकं बोलणं. साठच्या दशकात फ्रेड फ्रेडरिक्स चित्रकार म्हणून आले आणि त्यानंतर लोथार नीट कपड्यात, नीट बोलणारा, बरोबरीचा मित्र झाला. म्हणजे ज्यांनी ती गोष्ट चालवली त्यांनाच आधीचं खटकलं. चाहतेपणाची माझी कसोटी ती आहे. अंगठीच्या हातावर थांबू नये.

पांझराकाठ:
@दादर_भाकरी, दादा, एकविसाव्या पिढीचा मुद्दा जोरात लागला. पण वेताळाच्या शपथेतलं एक विसरू नका. तो प्रत्येक पिढीत नव्याने शपथ घेतो: चाचेगिरी, लोभ, क्रूरता आणि अन्यायाविरुद्ध. मुखवटा वारशाने मिळतो, शपथ मात्र ज्याची त्याला घ्यावी लागते आणि ती मोडली की वाचक माफ करत नाही. आपल्याकडे शपथविधी होतो, त्यातलं एक वाक्य तरी आपण पाच वर्षांनी काढून वाचतो का? मी तेच म्हणतेय.

आणि इंद्रजालवाल्यांनी बंगालाचं डेंकाली केलं होतं, आठवतंय ना? मूळ चित्रमालिकेत देशाचं नाव बंगाला, आणि अगदी सुरुवातीला तर ते जंगल बंगालच्या बाजूचंच दाखवलेलं. आपल्या वाचकाला ते चालणार नाही हे संपादकांनी ओळखलं. वाचकाचा वचक असतो तो असा.

सातपुडा:
कॉमिक्स आमच्या गावापर्यंत पोचलीच नाहीत. आमच्याकडे टीव्ही आला, तोही सगळ्या गावात एक.

शहादा तालुक्यातलं गाव. २५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं, तेव्हा टीव्ही पाटलांच्या ओट्यावर ठेवायचे. रविवारी सकाळी बाया आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन बसायच्या. टीव्हीला हार, पुढे उदबत्ती. वीज गेली तर? पाटलांच्या पोराने त्यावरही इलाज काढला होता. छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, आणि ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून त्याला वायर जोडायची. पडदा हळूहळू लहान होत जायचा, कडेचा राक्षस दिसेनासा व्हायचा, पण मधला राम शेवटपर्यंत टिकायचा. एकाने अँटेना धरून गच्चीवर उभं राहायचं. त्याला भाग दिसायचा नाही, म्हणून खाली बसलेले लोक ओरडून त्याला गोष्ट सांगायचे.

हे प्रेम खरं होतं आणि त्याची टिंगल मला सहन होत नाही. पण त्याचं पुढे काय झालं तेही बघा. १९९१ च्या लोकसभेला सीता झालेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून निवडून आले, दोघं एकाच पक्षातून. राम आणि सीतेला मत देणं समजू शकतो. रावणालाही लोकांनी संसदेत पाठवलं! अरुण गोविल तर २०२४ मध्ये मेरठमधून आले, मालिकेनंतर इतक्या वर्षांनी. आजीने मला विचारलं होतं, 'तो आपला राम उभा राहतोय का रे?' तिच्यासाठी 'आपला' हा शब्द पुरेसा होता.

केळीबाग_रावेर:
सातपुडा भाऊ, चित्र तेवढं सरळ नाही. स्मृती इराणी २००४ मध्ये चांदणी चौकातून उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची मालिका ऐन भरात होती, घराघरात 'तुलसी' होती. तरी हरल्या. 'महाभारता'तले कृष्ण नितीश भारद्वाज १९९६ मध्ये जमशेदपूरहून जिंकले, १९९९ मध्ये राजगढला हरले. कृष्ण तोच, माणूस तोच. आपल्याकडे अमोल कोल्हे २०१९ मध्ये शिरूरहून आले तेव्हा त्यांची संभाजी महाराजांची मालिका चालू होती. पण २०२४ मध्ये ती मालिका कधीच संपली होती, पक्षही फुटलेला, तरी ते पुन्हा निवडून आले. तेव्हा पाच वर्षांत काहीतरी काम लोकांनी तोललं असेलच ना?

मी केळीचा शेतकरी. मालिकेवर आमच्याही घरात सगळे जीव टाकतात, बायको, आई आणि मी. पण मतदानाच्या दिवशी डोक्यात विमा, भाव आणि रात्रीची वीज असते. लोक दोन्ही वेगळं ठेवू शकतात. लोकांना कमी समजू नका, एवढंच.

शेवभाजी:
केळीबाग भाऊ, कोणती मालिका ते सांगा ना!

केळीबाग_रावेर:
सध्याची नाही सांगत, घरात वाद चालू आहे. जुन्यांपैकी 'आभाळमाया' आणि 'वादळवाट'. आईला अजून शीर्षकगीतं पाठ.

निळी_पाटी:
मी क्वचित लिहिते, आज लिहिते.

आमच्या वस्तीत बाबासाहेबांवरची मालिका २०१९ ला सुरू झाली तेव्हा रात्रीची जेवणं तिच्या वेळेवर ठरायला लागली. शाळेत बाहेर बसवतात तो प्रसंग होता, त्या दिवशी माझे वडील मधूनच उठून गेले आणि बराच वेळ अंगणात उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या शाळेतलं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणून 'टीव्ही म्हणजे भूल' असं कोणी म्हटलं की मी ऐकून घेत नाही.

पण पांझराताई, तुमचा मुद्दा इथे जास्त लागतो. अमर चित्र कथेत बाबासाहेबांवरचा अंक आहे, लहानपणी मी तो कितीदा वाचला असेल. अनंत पैंनी १९६७ मध्ये ती मालिका काढली, तिच्यात देव आणि राजेच जास्त. त्यामुळे या अंकाची किंमत आमच्यासाठी वेगळी. त्यात जन्म, अपमान, शिक्षण, चवदार तळं, संविधान हे सगळं पटापट येतं. पण राजा-महाराजांच्या गोष्टीसारखं सांगितलं की नायक उरतो आणि त्याचं म्हणणं मागे पडतं. खुद्द बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितलंय की धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात भक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे. या धाग्याचं उत्तर त्यांनी तेव्हाच देऊन ठेवलंय. त्यांचेच फोटो लावून त्यांच्या नावाने भक्ती मागणाऱ्यांना हा परिच्छेद मी वाचून दाखवते, जयंतीच्या स्टेजवरसुद्धा.

पांझराकाठ:
@निळी_पाटी ताई, हे तुम्ही इथे लिहिलंत, फार बरं केलंत. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

गिरणाकाठ:
सगळे बाहेरच्या नायकांवर बोलताय. आपल्या खान्देशात, मालेगावात लोकांनी स्वतःचा सुपरमॅन काढला, त्याचं नाव कोणी घेत नाही?

नासिर शेख आणि मंडळी. आधी मालेगावचा 'शोले' काढला, मग सुपरमॅन. नायक शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, अंगाने काडी. त्याला उडवायचं म्हणून ट्रकला हिरवा पडदा बांधून शूटिंग. फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये त्यावर माहितीपट केला आणि तो जगभर दाखवला गेला. २०२५ मध्ये रीमा कागतींचा मोठा चित्रपटही आला. शफीक पुढे कॅन्सरने गेला.

यांचा चाहतेपणा मला सगळ्यात मोठा वाटतो. त्यांना सुपरमॅन एवढा आवडला की त्याला त्यांनी आपल्या गल्लीत आणला आणि आपल्या गावातली घाण आणि तंबाखू त्याच्यासमोर उभी केली. मालेगावचं नाव देशभर फक्त दंगल आणि स्फोटांसाठी निघायचं, तेव्हा हे लोक आठवड्याची सुट्टी शुक्रवारी घेऊन कॅमेरा लावत होते. याहून मोठं राजकारण काय असतं?

खापरपोळी:
मालेगाव नाशिक जिल्ह्यात. खान्देशात कधीपासून?

गिरणाकाठ:
जिल्हा नाशिक, भाषा अहिराणी, नदी गिरणा, आणि पाहुणे सगळे धुळ्याचे. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात येऊन कोणालाही विचारा. नकाशावरच्या रेषेपायी माझा सुपरमॅन मी सोडणार नाही.

भुसावळ_जंक्शन:
ठेवा मालेगाव. शफीकसाठी ठेवा.

अमळनेरी:
थोडं अवांतर, पण जोडलेलं आहे. चित्रं आणि राजकारण यांची जोडी महाराष्ट्राला नवी नाही. बाळासाहेब ठाकरे मुळात व्यंगचित्रकार. 'फ्री प्रेस जर्नल' सोडलं, १९६० मध्ये 'मार्मिक' काढलं आणि १९६६ मध्ये पक्ष. दुसरीकडे आर. के. लक्ष्मण: त्यांचा कॉमन मॅन १९५१ पासून चौकड्याचा कोट घालून सगळं बघत उभा राहिला, बोलला मात्र नाही. एकाच पिढीतले दोघं, दोघंही ब्रशवाले. एकाने लोकांना आपल्या मागे उभं केलं, दुसऱ्याने लोकांना पुढाऱ्याच्या समोर उभं केलं. मी लक्ष्मणांच्या बाजूचा, पण पहिल्याची ताकद नाकारत नाही.

आणि दादर_भाकरी, तुम्ही वेताळाचं १९३६ हे साल दिलंत. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची, बांबू आणि आसपासच्या गावांत मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून केलेली. म्हणजे राजकारणात चित्रकाराला मानाने बोलावणारी माणसं इथेच, यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात जमली होती. आता चित्रकाराला बोलावतात ते वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी, आणि चाळीस चेहरे बसवून द्यायला सांगतात.

दादर_भाकरी:
फ्लेक्सवरून बहादूर आठवला. त्याच्यावर कोणी बोललंच नाही अजून.

आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये बहादूर उभा केला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. केशरी कुर्ता आणि जीन्स. बाप डाकू, तो पोलिसांच्या गोळीने मेलेला, आणि बहादूरला वाढवलं त्याच पोलीस अधिकाऱ्याने. पुढे तो गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभारतो. वेताळासारखी शपथ नाही, मँड्रेकसारखी जादू नाही, गावातली माणसं बरोबर घेऊन काम. माझा नायक तोच.

त्याला घडवणाऱ्याने पुढे काय केलं हे किती जणांना ठाऊक आहे? सुरतींनी २००७ पासून मीरा रोडला रविवारी प्लंबर बरोबर घेऊन घरोघरी जायला सुरुवात केली. गळके नळ फुकटात दुरुस्त करून द्यायचे. वॉशर बदलायचा आणि पुढच्या दारी. आमच्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, आणि आलं की निम्म्या गल्लीत टाक्या भरून गटारीत वाहतं. मी बहादूरचा चाहता म्हणवतो, म्हणून गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या गल्लीत आम्ही चौघं वॉशरची पुडी आणि पाना घेऊन फिरतो. नगरसेवक त्यात फोटोला येतो म्हणाले. आम्ही म्हटलं या, पण पाना धरावा लागेल. आले आणि धरलाही. दोन नळ बसवले माणसाने. त्यांना मी पुढच्या वेळी मत देईन की नाही माहीत नाही, पण त्या दिवसापासून त्यांच्याशी पाण्याच्या टाकीबद्दल मी सरळ बोलू शकतो, आणि त्यांना उत्तर द्यावं लागतं.

सातपुडा:
दादा, आमच्या गावाला या वॉशर घेऊन. जेवण माझ्याकडे.

नंदुरबारी:
सगळं वाचलं. माझं एकच दुखणं आहे.

सप्टेंबर १९४२. नंदुरबारच्या रस्त्यावर मुलांची मिरवणूक, हातात तिरंगा, तोंडात गुजराती घोषणा: 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमी भारतनुं.' पुढे पोलीस. शिरीषकुमार मेहता, वय १५, झेंडा सोडत नाही. गोळ्या लागतात. सुपरहिरो म्हणून याहून मोठं कोण? आपल्या मुलांना जंगलातल्या वेताळाच्या अंगठ्या पाठ, आणि शिरीषकुमारवर चौकटीचौकटींचं, रंगीत, पोरं हातातून सोडणार नाहीत असं कॉमिक मी माझ्या मुलीच्या हातात देऊ शकलो नाही. शाळेच्या भाषणात दोन ओळी येतात आणि संपतं.

पांझराकाठ:
@नंदुरबारी दादा, मग आपण काढू या. मी मनापासून म्हणतेय. पण माझी अट आहे, आणि ती या धाग्यावरूनच आली आहे. मुखपृष्ठावर एकटा शिरीषकुमार नको. त्या दिवशी लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. पाचही चेहरे सारख्या आकाराचे हवेत. एकाला मोठं आणि बाकीच्यांना पार्श्वभूमीत टाकलं की आपण पुन्हा फ्लेक्सच बनवला.

भुसावळ_जंक्शन:
माझा पुतण्या नाशिकला चित्रकला शिकतोय. विचारतो. फक्त मुळीकांसारखं काढायला सांगणार, आधीच सांगून ठेवतो.

निळी_पाटी:
गोष्टीत मुलांना बोलतं ठेवा. ती शाळकरी पोरं होती. ती रस्त्यावर का आली, घरी काय सांगून निघाली, कोणाचं भांडण झालं होतं, हे आलं पाहिजे. नुसती गोळी आणि झेंडा आला तर पुन्हा तेच होईल. संहिता मी तपासून देईन.

गिरणाकाठ:
संवाद अहिराणीत.

नंदुरबारी:
घोषणा मात्र गुजरातीच राहील, ती तशीच होती. बाजारपेठेतली मुलं गुजराती बोलणारी, आजूबाजूला अहिराणी, डोंगराकडून येणारी भिली. तिन्ही येऊ देत. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी आजही तिन्ही ऐकू येतात.

सातपुडा:
भिलीचं आलं म्हणून सांगतो: दुसरा अंक खाज्या नाईकांवर. सातपुड्यात १८५७ नंतर इंग्रजांशी लढले ते. आमच्याकडे गाणी आहेत त्यांची, म्हातारी माणसं आहेत तोवर उतरवून घेतो.

शेवभाजी:
आणि डोगा?

दादर_भाकरी:
डोगा तू वाच. शेवभाऊ, तुझ्याकडे स्कॅनर आहे ना? पांझराताईंच्या फुल्या मारलेल्या अंकांची पानं पाठवून देऊ. चौकटी कशा पाडतात ते पुतण्याला दाखवायचंय. नंदुरबारी, हुतात्मा स्मारकाच्या आजूबाजूच्या जुन्या इमारतींचे फोटो रविवारपर्यंत टाका. आणि कोणाच्या घरात १९४२ चं काही ऐकलेलं असेल, आजी-आजोबांकडून, तर ते याच धाग्यावर लिहा, कोणाकडून ऐकलं तेही लिहा. तपासून मगच घेऊ.